मला कुणी उठवलं नाही

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं म्हणतात. माझ्या आवाजाचं तसंच झालं आहे. हल्ली कुणी शहरातला पाहुणा आला की गावातलं कोणीतरी त्याला माझ्या ओटीवर आणून बसवतं आणि माझ्या देखतच सांगतं, "ह्यांचा आवाज ऐकायला हवा होता तुम्ही. नदीच्या पलीकडे जायचा." पाहुणा हळहळतो, मग दोघं मिळून माझ्याकडे असे बघतात की उठून आत जावंसं वाटतं. नदीपलीकडे आवाज जायचा हे साफ खोटं. भादव्यात आमची नदी अशी घोंगावते की अलीकडच्या काठावरचं पलीकडे काही म्हणता काही जात नाही. आवाज चांगला होता, एवढंच. तो गेला त्याची हकीगत मीच सांगतो, कारण दुसरे सांगतात तेव्हा तीत माझी कीव फार असते आणि कीव मला कधी पचली नाही.

संगमेश्वराहून नदीच्या कडेकडेनं आत गेलं की डोंगराच्या उतारावर आमची वाडी. घर जांभ्या दगडाचं, वर गवताचं छप्पर, पुढे शेणानं सारवलेलं खळं. बाबा मुंबईला गिरणीत, त्यामुळे घर म्हणजे आई आणि मी. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. तांदळाची भाकरी, तिच्यावर कुळथाचं पिठलं, बाजारच्या दिवशी सुकट मिळाली तर ती चुलीत भाजून. आई बोलायची कमी, पण जे बोलायची ते दुसऱ्यांदा बोलायची नाही. मी लहानपणी तिला फार घाबरत असे आणि आता ऐंशी ओलांडल्यावरही, ओटीवर ओले पाय घेऊन चढलो की मागे वळून बघतो.

गाणं मी शिकलो भिकूबुवांकडे. आमच्या भागात गणपतीत जाखडी नाचतात. गडी एका पायात चाळ बांधून गोल फेर धरतात आणि फेराच्या मधोमध बुवा, ढोलकी आणि झांजा घेऊन गाणारे बसतात. दोन पक्ष असतात, एक शक्तीवाल्यांचा, एक तुरेवाल्यांचा. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच जवाब द्यायचा, आणि मधूनमधून एकमेकांचे वाभाडे काढायचे. आमची वाडी तुरेवाल्यांची आणि भिकूबुवा आमचे वस्ताद. त्यांनी मला कधी समोर बसवून शिकवलं नाही. लावणीच्या आधी चिखलणी चालू असायची, बैलांमागे गुडघाभर चिखलात मी जोत धरलेलं, आणि ते बांधावर छत्रीखाली उकिडवे बसून सांगायचे, "ह्या बांधाला सूर धरलास तो त्या बांधाला सोडायचा. मधी दम तोडलास तर पुना मागं ये." मी पुष्कळदा मागे आलो आहे. बैलांनाही त्या गाण्याचा कंटाळा आला असेल. पण मिसरूड फुटायच्या सुमाराला असं झालं की दोन बांध एका दमात जाऊ लागले, आणि भिकूबुवांनी स्वतःची जागा मला दिली. एवढ्या लहान वयात फेराच्या मध्ये बसलेला बुवा आसपास दुसरा नव्हता. मी माजलो होतो हेही सांगून टाकतो. त्या वयात माजायचं नाही तर कधी?

आमचे खरे वैरी नदीपलीकडचे धोंडूबुवा. शक्तीवाले. माणूस ठेंगणा, काळा, एका डोळ्यात फूल पडलेलं, आणि जीभ कोयत्यासारखी. दर वर्षी गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी आमच्या देवळाच्या आवारात त्यांची आमची सवाल-जवाबांची बारी व्हायची. जेवणं उरकली की सुरू आणि अंधाराच्या आत संपवायची, कारण त्यांना होडीनं परत जायचं असे. बारीचे दोन नियम कुणी मोडत नसे. एका बुवानं कडवं संपवून हात जोडल्याशिवाय दुसऱ्या बाजूनं वाद्याला हात लावायचा नाही, मग कितीही वेळ लागो. आणि जवाब न देता जो बुवा जागेवरून उठला त्याचा पक्ष हरला.

त्या वर्षी पाऊस धरून होता आणि मला संध्याकाळचा बारीक ताप येत होता. खोकला तर लावणीपासूनच होता. आई रोज आडुळशाचा रस द्यायची आणि माझ्या पाठीवर हात फिरवताना हात तिथेच ठेवायची. बारीच्या दिवशी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार होतं, मी जेमतेम एक घावण खाल्लं. गणपतीला घरी आलेले बाबा झांज घेऊन माझ्या उजव्या हाताला बसले. धोंडूबुवांनी माझ्या वयावरून सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं की कोंबड्याला अजून पंख फुटले नाहीत आणि तुरेवाले त्याला आरवायला बसवतात. मी जवाब दिला,

कोंबडं झाकून ठेवशील टोपल्याखाली,
तांबडं फुटायचं राहील काय, सांग रे!

आवारातली माणसं ओरडली. मी सूर वर नेला आणि तिथेच छातीत काहीतरी उसवलं. तोंडात खारट, कोमट पाणी आलं. उठता येत नव्हतं, उठलो तर वाडी हरली. मी ते गिळलं आणि गात राहिलो. दोनदा गिळलं. तिसऱ्यांदा जमलं नाही, तेव्हा पंचा तोंडाला लावला आणि हात जोडले. धोंडूबुवांना जवाब सापडला नाही, ते उठले आणि बारी आम्ही जिंकलो. बाबांनी पंचा बघितला आणि त्यांच्या हातातल्या झांजा तशाच राहिल्या.

आता ज्याला विचाराल तो सांगेल, रक्त पडलं तर डॉक्टर गाठावा. आमच्या वाडीला तेव्हा दुसरंच सुचलं. जिंकलेल्या बुवाच्या तोंडातून भर बारीत रक्त येतं, तर हरलेल्या बुवानं करणी केली. सरळ हिशेब. देवळात कौल लावला. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला पाणी लावून उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, मुंबईला जाणं, सगळं ह्या पाकळ्यांवर. करणी आहे का विचारलं, उजवी पडली. मग काय, उतारे झाले, कोंबडे झाले, मंतरलेली राख झाली. दिवाळी आली तोवर माझ्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. धोंडूबुवांचं नाव आमच्या वाडीत कुणी शिवी दिल्याशिवाय घेत नव्हतं. गंमत म्हणजे मला बरं वाटत होतं. दुखण्यानं आजारी पडणं वेगळं आणि एवढ्या मोठ्या बुवानं आपल्यावर करणी करावी हे वेगळं. त्यात मान होता.

एके दिवशी आईनं मला उठवलं, धुतलेला सदरा घालायला लावला आणि संगमेश्वराहून एस. टी. त बसवून रत्नागिरीला नेलं. कुणाला विचारलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि उजेडाला धरून आम्हांला दाखवला. तरुण माणूस होता, गोडबोल्या नव्हता. क्षय आहे, म्हणाला. एका बाजूला मोठं भोक पडलंय. सुया टोचू, पण तेवढ्यानं भागणार नाही. घाटावर मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, तिथे बरगड्या काढून ती बाजू दाबून टाकतील. मग जगेल.

मी विचारलं, "आनी गानं?"

"बोलशील. चालशील. हळूहळू शेतही करशील. गाणं नाही."

परत येताना एस. टी. तच मी ठरवून टाकलं. बरगड्या काढून जगायचं आणि उरलेला जन्म दुसऱ्याचं गाणं ऐकायचं, त्यापेक्षा आहे तोवर गाऊ. अठरा वर्षांच्या माणसाला मरण फार सोपं वाटतं. घरी आल्यावर मी भिकूबुवांना सांगितलं, भिकूबुवांनी गावकरांना. गावकर म्हणजे वाडीचे प्रमुख, देवळातला मान त्यांचा. ते म्हणाले, "एवडी मोठी गोष्ट, देवाला इचारल्याबिगर नाय जायचं." मला तेच हवं होतं. मी मनातून डाव्या पाकळीला नवस बोललो.

देवळात सकाळची वेळ होती. बाया पायरीच्या खाली उभ्या राहतात, तशी आई खाली उभी होती. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, लेकराला घाटावर धाडावा म्हनतात. धाडायचा असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे." फार थांबावं लागलं नाही. डावी पडली. सगळ्यांनी हात जोडले. मी भिकूबुवांकडे बघून हसलो, ते खरं हसू होतं. गावकर म्हणाले, "झाला निकाल."

"नाय झाला," आई म्हणाली. "आता माजा इचारा."

बाईनं कौलाच्या वेळी बोलायची रीत नव्हती. गुरव गावकरांकडे बघायला लागला. आई पायरी चढून वर आली. "इचारा त्याला. म्हनावं, पोर घरात राहिला तर त्याची छाती तू राखशील काय? राखनार असशील तर उजवी दे."

गुरवाला काय करावं कळेना, पण प्रश्न वावगा नव्हता, विचारायला हवा होता. त्यानं नव्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली नाही. डावीही पडली नाही. आम्ही उभे होतो, पाषाणावरून पाणी ओघळत होतं, आवारातल्या फणसावर कावळे भांडत होते. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. देव कधीकधी कौल देत नाही, रुसतो, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दिवशी तसं म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. मग आईनं पदर खोचला.

"त्यो हमी घेत नाय," ती म्हणाली. "मग मीच घेतंय. चल रे."

मी अडून बसलो नाही. अगदी स्पष्ट सांगतो, त्या क्षणी मला देवाचा राग आला. नाही म्हणायला तू तयार आणि जबाबदारी म्हटली की गप्प? ज्या डाव्या पाकळीवर मी जीव टाकायला निघालो होतो, ती मला एकदम नुसती पाकळी दिसली. मी आईच्या मागून पायऱ्या उतरलो. पाठीमागे गावकर म्हणत होते की ह्या घराशी आता वाडीचा काही संबंध नाही.

दवाखान्याबद्दल फार लिहीत नाही. दुखलं. वर्षाच्या वर राहिलो. बरगड्या काढल्या आणि डावा खांदा खाली उतरला, तो अजून तसाच आहे. शिंपी माप घेताना गोंधळतात. बाबा मुंबईहून येऊन खाटेशी बसायचे आणि मोसंबी सोलायचे. एकदा नुकती सोललेली फोड हातात धरून म्हणाले, "मी कौलाच्या दिवशी गावात असतो तर तुला जाऊ दिला नसता." आणि पुढे म्हणाले, "नव्हतो तेच बरं झालं." मग ती फोड त्यांनी स्वतःच खाल्ली.

आईचे हाल मला नंतर समजले. लावणीला आमच्याकडे सगळे सगळ्यांच्या शेतात उतरतात, तिच्या शेतात त्या वर्षी कुणी उतरलं नाही. एकटीनं जमली तेवढी लावली. विहिरीवर तिची कळशी बाजूला ठेवायला लावली. देवाचा अपमान आणि क्षयाचं घर, दोन्ही एकदम. फक्त खाडीकडच्या मोहल्ल्यातली खैरूनखाला, जिचे मुलगे बोटीवर होते, ती येत राहिली. मी परत आल्यावर तर रोज फडक्यात अंडी बांधून आणायची. आई एकदा म्हणाली, "खाला, तुमाला बोलतील लोक." खाला ओटीवर पाय सोडून बसली आणि म्हणाली, "तुमचो देव तुमच्यावर रुसलाय गो. माज्या कोंबड्यांवर नाय." त्या शिमग्याला पालखी वाडीतल्या घराघरांत नाचली आणि आमच्या खळ्यापुढून ढोल बंद करून निघून गेली. आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. पालखी वळणाआड गेल्यावर तिनं ताटातला नारळ उंबऱ्यावर फोडला, त्याच्या वड्या केल्या, आणि आम्ही दोघांनी दोन दिवस त्या खाल्ल्या. इतक्या चांगल्या वड्या तिनं परत कधी केल्या नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता माझ्यापासून कुणाला काही होणार नाही. हे मी वाडीत सांगून बघितलं. लोक चार हात लांब उभे राहून ऐकायचे आणि मान हलवायचे. गणपती आले. बाबा आले. बुवाच्या जागी भिकूबुवांनी त्यांचा पुतण्या बसवायचा ठरवला होता, मुलगा बरा होता. गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी फेटा बांधायला घेतला. आईनं विचारलं, "कुटं?" मी म्हटलं, "बारीला." तिनं फेट्याचं टोक धरून घट्ट केलं.

माणसं जमायच्या आधीच मी जाऊन फेराच्या मधल्या घोंगडीवर बसलो. पुतण्या आला, मला बघून थबकला. भिकूबुवा आले. त्यांना वाईट वाटलं असावं, ते नुसतेच म्हणाले, "गोंद्या, ऊठ बाबा." मी म्हटलं, "माजी जागा तुमीच दिलीत." मग गावकर आले आणि त्यांनी लांबूनच आरडाओरडा केला. चार गडी पुढे झाले आणि चौघेही थांबले. मला उठवायचं तर दंडाला धरून उठवायला हवं होतं, आणि मला हात लावायला कुणी तयार नव्हतं. माझ्या दुखण्यानं मला पहिल्यांदा काहीतरी दिलं ते हे. मी मांडी घट्ट घालून बसलो. फेर धरणारे गडी चाळ सोडून बाजूला झाले, ढोलकीवाला ढोलकी घेऊन लांब बसला. तेव्हा बाबा गर्दीतून आले, माझ्या उजव्या हाताला बसले आणि त्यांनी झांजा काढल्या.

समोर धोंडूबुवा केव्हाचे बसले होते. दोन वर्षं आमच्या वाडीनं त्यांना शिव्या घातल्या होत्या आणि ते त्यांच्या कानावर होतं. एका धड डोळ्यानं ते माझ्याकडे बघत राहिले. मी सुरुवात केली.

वाईट गायलो. नंतर कुणी म्हणालं की त्या आवाजात वेगळीच गोडी होती, तर त्यावर विश्वास ठेवू नका. आवाज भात्यातून हवा निसटावी तसा येत होता. एक ओळ तीन दमांत, मध्ये थांबायचं, खांदा सावरायचा, बाबांची झांज हळूच वाजत राहायची, मग पुढची ओळ. पोरं हसली, कुणीतरी "पुरे रे, पुरे" म्हणालं. पण मी हात जोडले नव्हते. धोंडूबुवांच्या झांजवाल्यानं कंटाळून झांज उचलली, तर त्यांनी न बघता त्याच्या मनगटावर चापट मारली. चार ओळींचं कडवं मी संपवलं तेव्हा उन्हं फणसाच्या शेंड्यावर गेली होती. हात जोडले. मग मला एकाच गोष्टीची भीती वाटली. आता टाळ्या वाजवतील, धोंडूबुवा उठून गळ्यात पडतील, म्हणतील जिंकलास बाळा. तसं झालं असतं तर मी खरोखर मेलो असतो.

धोंडूबुवांनी ढोलकीवर थाप मागितली आणि आवाज लावला,

बांबू फुटका, सूर तुटका, म्हणतो मी तुरेवाला,
एक कडवं ऐकता ऐकता माझा नातू नवरा झाला!

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग बायांच्या बाजूनं एक हसू आलं, मोठं, खणखणीत. ती माझी आई होती. आणि सगळं आवार फुटलं. मीही हसलो, टाके पडलेल्या बाजूला कळ येत होती तरी हसलो. दोन वर्षांत मला सगळ्यांनी जपलं होतं किंवा टाळलं होतं. ह्या एका माणसानं मला सोडलं नाही, बुवाला धुवावं तसं धुतलं. माझ्याजवळ जवाब होता, अजून आहे, चांगला आहे. मी तोंड उघडलं आणि आत नुसता वारा होता. पुन्हा उघडलं. धोंडूबुवा गुडघ्यावर हात ठेवून वाट बघत बसले, त्यांना घाई नव्हती. बाबांची झांज थांबली. मग मी घोंगडीवर हात टेकला आणि आपल्या पायांनी उठलो. त्यानंतर आजवर मी फेराच्या मध्ये बसलो नाही.

वाडी हरली. आणि वाडी खवळली. इतके दिवस जे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते ते सगळे एकदम बोलायला लागले, ह्याला बसू कुणी दिला, नाक कापलंन, पलीकडचे आता वर्षभर हसतील. गावकर तर गर्दी सारत थेट माझ्यासमोर आले. "घातलीस ना वाडीची अब्रू," म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी माझा दंड धरून मला गदगदा हलवलं. आजूबाजूचे दोन पावलं मागे सरले. मग त्यांचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं.

"धरलात तर आता धरा, काका," मी म्हटलं.

त्यांनी हात काढला नाही. काढला असता तर भ्यालो असं झालं असतं, आणि गावकर भ्याले असं त्यांना चालणार नव्हतं. तसाच दंड धरून, सबंध वाटभर शिव्या देत, ते मला आमच्या घरापर्यंत घेऊन आले. आई आमच्या आधी पोचली होती. तिनं पाण्याचा तांब्या ओटीच्या कडेला ठेवला. गावकरांनी तो उचलला, घटाघटा पाणी प्याले, मिशा पुसल्या आणि पुन्हा शिव्या द्यायला लागले.